गुडघ्यातले इंजेक्शन : आराम किती आणि किती दिवस?

गुडघेदुखीने बेजार झालेला माणूस हाडांच्या डॉक्टरांकडे जातो. एक्स-रे निघतो, 'गॅप कमी झालाय' असे कळते, गुडघा बदलण्याचा विषय निघतो आणि तो हळूच विचारतो, "डॉक्टर, त्याआधी एखादे इंजेक्शन नाही का?" आहे, आणि एकच नाही, चार-पाच तऱ्हांची आहेत. काही शे-दोनशे रुपयांच्या औषधाची, काही हजारोंची. त्यांच्यावर गेल्या पाऊणशे वर्षांत भरपूर संशोधन झाले आहे, पण रुग्णापर्यंत त्यातले फार थोडे पोहोचते. त्याच्यापर्यंत पोहोचते ती शेजारच्या काकूंची हकीकत आणि दवाखान्याच्या भिंतीवरचे पोस्टर. म्हणून या सगळ्या सुयांचा हिशोब एकदा नीट मांडायला हवा. भर मुख्यतः गुडघ्याच्या झिजेवर देतो, कारण आपल्याकडे सर्वाधिक सुया तिथेच टोचल्या जातात.

हा छोटा प्रश्न नव्हे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली भिगवण या गावात घरोघरी जाऊन पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने झालेल्या या कामात चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस झाली आणि त्यांतल्या सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे, स्नायू यांपैकी कसली ना कसली दुखणी होती. शेतात वाकून काम करणारी, डोक्यावरून पाणी आणणारी, जमिनीवर बसून स्वयंपाक करणारी ही माणसे. त्यांच्यासाठी गुडघा दुखणे म्हणजे मजुरी बुडणे, आणि शौचाला बसता न येणे.

गुडघ्यात नेमके दुखते काय, हे आधी पाहू. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि झिजेच्या आजारात तो पातळ होतो. पण कूर्चेला वेदना कळवणारे मज्जातंतूच नसतात. दुखते ते सांध्याचे आतले अस्तर सुजल्यामुळे, कूर्चेखालच्या हाडावर ताण आल्यामुळे, सांध्याभोवतीचे आवरण ओढले गेल्यामुळे आणि मांडीचे स्नायू दुबळे पडल्यामुळे. त्यामुळे एक्स-रेवर भरपूर झीज दिसणारा एखादा माणूस सहज जिना चढतो, तर किरकोळ झीज असलेली बाई रात्रभर तळमळते. यातला मुद्दा ध्यानात ठेवावा : इंजेक्शनने वेदना कमी झाली म्हणजे कूर्चा परत आली असे होत नाही, आणि आजपर्यंत कुठल्याच इंजेक्शनाने झिजलेली कूर्चा पुन्हा उगवल्याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही.

सगळ्यांत जुने आणि सगळ्यांत स्वस्त इंजेक्शन स्टेरॉइडचे. त्याची कथा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सुरू होते. सप्टेंबर १९४८ मध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. सगळे जग थक्क झाले. दोनच वर्षांनी हेंच यांना केंडल आणि राइश्टाइन या दोन संशोधकांसह नोबेल मिळाले. पण तोपर्यंत या औषधाची दुसरी बाजूही दिसू लागली होती : सुजलेला चेहरा, ठिसूळ हाडे, वाढलेली साखर, जंतुसंसर्ग. मग प्रश्न आला की सगळ्या शरीराला औषध देण्यापेक्षा ते दुखऱ्या सांध्यातच सोडले तर? फिलाडेल्फियाच्या डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी १९५१ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन थेट सांध्यात दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले, आणि ती पद्धत आजतागायत चालू आहे. आता हायड्रोकॉर्टिसोनऐवजी ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइल प्रेडनिसोलोन वापरतात. गुडघ्यासाठी मात्रा साधारण ४० मिलिग्रॅम.

हे इंजेक्शन काम करते. त्याबद्दल वाद नाही. सुजेला आवर बसतो, पाणी भरलेला गुडघा उतरतो, एक-दोन दिवसांत माणूस मोकळा श्वास घेतो. वाद आहे तो किती दिवस, याचा. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास केला. पहिल्या एक-दोन आठवड्यांत बऱ्यापैकी आराम, महिना-दीड महिन्यात तो ओसरत जातो आणि सहा महिन्यांनी इंजेक्शन घेतलेला व न घेतलेला यांत फरक दिसत नाही, असे त्याचे सार होते. त्यातही बऱ्याच चाचण्या लहान आणि सदोष होत्या, हे त्या अभ्यासकांनीच सांगून टाकले.

मग पुन्हा पुन्हा घेतले तर? या प्रश्नाचे उत्तर बोस्टनच्या टफ्ट्स वैद्यकीय केंद्रातल्या चाचणीने २०१७ मध्ये दिले, आणि मला वाटते गुडघ्याच्या इंजेक्शनांवरच्या सगळ्या संशोधनात ही चाचणी प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवी. गुडघ्याच्या अस्तराला सूज असलेले १४० रुग्ण घेतले. निम्म्यांना दर तीन महिन्यांनी ट्रायमसिनोलोन, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी, असे दोन वर्षे चालले. शेवटी वेदनेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. फरक होता तो कूर्चेत : स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटर पातळ झाली होती, मिठाच्या पाण्यावाल्यांची ०.१०. ज्या सुईकडे लोक गुडघा वाचवायला जातात, ती वारंवार घेतली तर उलट झीज वाढवू शकते. फरक मिलिमीटरच्या दशांशात आहे आणि त्याने चालणे लगेच बिघडत नाही, हे खरे. पण दर तीन महिन्यांनी सुई टोचून घेण्याची सवय लागलेल्या माणसाला त्यातून मिळाले काय, हा प्रश्न उरतोच.

इथे ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची २०२२ ची भूमिका मला सर्वांत शहाणपणाची वाटते. स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यावे, पण इतर औषधे चालत नसतील तेव्हा किंवा व्यायामाला आधार म्हणून द्यावे, आणि रुग्णाला आधीच सांगावे की आराम दोन ते दहा आठवड्यांचा असेल. व्यायामाला आधार, हे शब्द महत्त्वाचे आहेत. वेदना कमी असलेले ते थोडे आठवडे हीच इंजेक्शनची खरी कमाई. त्या काळात मांडीचे स्नायू बळकट केले, चालणे वाढवले, तर इंजेक्शनचा असर ओसरल्यावरही काहीतरी हाती राहते. घरी बसून काढले, तर गुडघा जिथे होता तिथेच परत येतो.

हे पुस्तकी बोलणे वाटत असेल तर २०२० ची आणखी एक चाचणी पाहा. अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयांत १५६ गुडघेदुखीच्या रुग्णांपैकी निम्म्यांना स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, निम्म्यांना फिजिओथेरपी. दुखणे, आखडणे आणि हालचालीची अडचण मोजणारी २४० गुणांची एक मोजपट्टी असते. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. वर्षाअखेर इंजेक्शनच्या गटाचे सरासरी ५५.८ गुण होते, फिजिओथेरपीच्या गटाचे ३७. दोघांनाही बरे वाटले होते, पण व्यायाम करणाऱ्यांना जास्त आणि टिकाऊ. आपल्याकडे मात्र इंजेक्शनची चिठ्ठी दोन मिनिटांत लिहून मिळते. फिजिओथेरपीचा सल्ला दाराशी पोहोचलेल्या रुग्णाला पाठमोरे ऐकवला जातो.

दुसरी मोठी जात 'जेल'ची. गुडघ्यात नैसर्गिक द्रव असतो, त्यात हायलुरोनिक आम्ल असते आणि झिजेच्या सांध्यात त्याचा दाटपणा कमी होतो. मग ते बाहेरून भरले तर? वंगण घातलेल्या बिजागरीसारखा गुडघा चालेल, अशी ही कल्पना. ती इतकी चटकन पटते की तिच्याबद्दल प्रश्न विचारणे रुग्णाला सुचतही नाही. हा पदार्थ १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी बैलाच्या डोळ्यातून वेगळा काढला. पुढे एंड्रे बालाझ यांनी तो शर्यतीच्या घोड्यांच्या सांध्यांत वापरून पाहिला आणि मग माणसांची पाळी आली. अमेरिकेत १९९७ मध्ये त्याला मान्यता मिळाली, तीही औषध म्हणून नव्हे, वैद्यकीय उपकरण म्हणून. सुरुवातीची जेल कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता बरीचशी जिवाणूंच्या किण्वनातून तयार होतात. शाकाहारी घरांतल्या रुग्णांनी आणि कोंबडी-अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आपले जेल कशातून बनले आहे हे जरूर विचारावे.

पण टोचलेले हायलुरोनिक आम्ल सांध्यात फार काळ राहत नाही, शरीर ते काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत विरघळवून टाकते. म्हणजे 'वर्षभराचे वंगण' हे वर्णन टिकत नाही. त्याच्या परिणामाबद्दल २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला आढावा निर्णायक म्हणावा असा आहे. १६९ चाचण्या, २१ हजारांहून अधिक रुग्ण. खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत वेदनेत फरक पडतो, पण तो इतका लहान की रुग्णाला जाणवावा अशा पातळीला पोहोचत नाही. उलट गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण जेलच्या गटात जास्त आढळले. 'नाइस' म्हणते, जेल देऊ नका. अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये, सरसकट वापरू नका, असे सांगितले. काही डॉक्टर अजूनही निवडक रुग्णांसाठी त्याचा पुरस्कार करतात आणि आपल्या अनुभवातून प्रामाणिकपणे करतात. तरीही हजारो रुपये खर्चून हे इंजेक्शन घेण्याचा सल्ला मी माझ्या घरच्या कुणाला देणार नाही.

मग शेजारच्या काकूंना बरे कसे वाटले? खरोखरच वाटले. सांध्यात नुसते मिठाचे पाणी टोचले तरी अनेकांना महिनोन्महिने आराम पडतो, आणि खोट्या गोळीपेक्षा खोट्या सुईचा परिणाम मोठा असतो, हे वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्यात मनाची उभारी आहे, डॉक्टरांनी वेळ देऊन गुडघ्याला हात लावल्याचा दिलासा आहे. शिवाय गुडघेदुखी चढते-उतरते, आणि माणूस सुई घ्यायला जातो तो दुखणे शिगेला पोहोचलेले असताना. त्यानंतर ते आपसूकही उतरणारच असते. काकूंचा आराम खोटा नाही. पण त्या आरामाचे श्रेय महागड्या जेलला द्यायचे, तर मिठाच्या पाण्याशी तुलना करूनच द्यावे लागेल.

पीआरपी या तिसऱ्या प्रकाराबाबत हीच तुलना सर्वांत बोलकी ठरते. यात रुग्णाचेच रक्त काढून यंत्रात गरगर फिरवतात, प्लेटलेट्सनी समृद्ध भाग वेगळा करतात आणि तो गुडघ्यात टोचतात. प्लेटलेट्समधले वाढीला चालना देणारे घटक सांध्याला सावरतील, अशी अपेक्षा. 'स्वतःचेच रक्त, त्यामुळे साइड इफेक्ट नाही' हे वाक्य रुग्णांना फार आवडते. या उपचारात भारतीय संशोधनाचा वाटा मोठा आहे. चंडीगढच्या पीजीआय संस्थेत ७८ रुग्णांवर झालेली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी जगभर उद्धृत होते. तिच्यात पीआरपी मिठाच्या पाण्यापेक्षा स्पष्टपणे सरस ठरले, एक इंजेक्शन घेतलेले आणि दोन घेतलेले यांत फरक नव्हता, आणि सहा महिन्यांनी परिणाम ओसरू लागला होता.

त्यानंतर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातून २८८ रुग्णांची चाचणी आली. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शने, कुणाला पीआरपी आणि कुणाला मिठाचे पाणी हे रुग्णालाही ठाऊक नाही, टोचणाऱ्यालाही नाही. वर्षानंतर दहाच्या मोजपट्टीवर पीआरपीने वेदना २.१ ने कमी झाली, मिठाच्या पाण्याने १.८ ने. कूर्चेची झीज दोन्हीकडे जवळपास सारखीच. पीआरपीच्या समर्थकांचा आक्षेप असा की त्या चाचणीतल्या तयारीत प्लेटलेट्स पुरेशा दाट नव्हत्या. आक्षेप रास्त आहे, पण तोच पीआरपीचा मुख्य दोषही दाखवतो : हे औषध प्रत्येक दवाखान्यात वेगळे बनते. किती रक्त घेतले, किती वेळ फिरवले, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, यांना एक मापदंड नाही. त्यामुळे पुण्यात एकाला गुण आला म्हणून नागपुरात दुसऱ्याला येईलच असे नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये पीआरपीच्या विरोधात ठाम शिफारस केली, तर तिथल्याच अस्थिरोगतज्ज्ञांनी दोन वर्षांनी मर्यादित पुराव्याच्या आधारे त्याला वाव ठेवला. तज्ज्ञांमध्येच इतकी फारकत असताना रुग्णाला 'खात्रीशीर' म्हणून काही विकले जाऊ नये, एवढे तरी मान्य व्हावे.

स्टेम सेलचे आश्वासन याहून मोठे आणि किंमतही मोठी. अस्थिमज्जेतल्या, चरबीतल्या किंवा नाळेतल्या पेशी गुडघ्यात सोडायच्या. अमेरिकेत सुमारे ४८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत अशा तीन प्रकारच्या पेशींची गाठ साध्या स्टेरॉइडशी घालून दिली, आणि २०२३ मध्ये निकाल आला : वर्षानंतर तिन्हींपैकी एकही स्टेरॉइडपेक्षा सरस नाही. भारतात बंगळुरूच्या एका कंपनीच्या अस्थिमज्जा-पेशींच्या उत्पादनाला गुडघ्याच्या झिजेसाठी २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची मंजुरी मिळाली. ते नियमांच्या चौकटीतले, ठरलेल्या मापाचे उत्पादन आहे, आणि कुठल्याही गल्लीत पोटाची चरबी काढून तासाभरात 'स्टेम सेल' टोचणाऱ्या दवाखान्यांशी त्याची गल्लत करू नये. तरीही मंजुरी मिळणे आणि वर्षानुवर्षांचा आराम सिद्ध होणे यांत अंतर असते. ओझोन, साखरेचे द्रावण वगैरे प्रकार याच रांगेत मागे उभे आहेत, त्यांच्यावर जागा खर्च करण्याइतका पुरावा नाही.

किमतीचा आणि पुराव्याचा हा उलटा प्रवास मला अस्वस्थ करतो. सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वसाधारण वापरातल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत ५४,७२० रुपयांवर आणली. तो मोठा दिलासा होता. गुडघ्यातल्या इंजेक्शनांच्या बाजारात मात्र ज्याचा परिणाम सर्वांत नीट माहीत आहे ते सर्वांत स्वस्त, आणि ज्याच्याबद्दल सर्वांत कमी ठाऊक आहे ते सर्वांत महाग, अशी स्थिती आहे. तालुक्याच्या गावातला निवृत्त शिक्षक एफडी मोडून ती महाग सुई घेतो.

झिजेपेक्षा वेगळी, पण गोंधळ होतो म्हणून सांगायला हवी अशी गोष्ट आमवाताची. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. तिथे त्वचेखाली किंवा शिरेतून दिली जाणारी इंजेक्शने खरोखर आजाराची दिशा बदलतात. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रवींद्र मैनी यांनी लंडनमध्ये १९९० च्या दशकात टीएनएफ या दाहकारक द्रव्याला रोखणारा उपचार सिद्ध केला. त्याच जातीच्या अडॅलिम्युमॅबची स्वस्त आवृत्ती अहमदाबादच्या झायडस कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणली. ही औषधे सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी आपल्या देशात टाळताच येत नाही, कारण दबून राहिलेला क्षय त्यांनी उफाळतो. बोटांचे लहान सांधे सुजत असतील, सकाळी तासभर आखडलेपण राहत असेल, तर गुडघ्यात सुई घेण्याआधी संधिवाततज्ज्ञांना गाठावे. तिथे उशीर केल्यास सांधे कायमचे वाकडे होतात.

वेदना थांबवणे आणि सांधा वाचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे टॅनेझुमॅबने फार कठोरपणे दाखवून दिले. मज्जातंतूंना चेतवणाऱ्या एका प्रथिनाला रोखणारे हे त्वचेखालचे इंजेक्शन. गुडघेदुखी त्याने खरोखर कमी होत होती. पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने ढासळू लागले. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी त्याला नकार दिला आणि त्याच वर्षी कंपन्यांनी ते काम थांबवले.

आता अलीकडची सर्वांत अनपेक्षित बातमी. गुडघ्याला हातही न लावता गुडघेदुखीवर ठळक परिणाम दाखवणारे इंजेक्शन लठ्ठपणाच्या उपचारातून आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लठ्ठपणा आणि गुडघ्याची झीज दोन्ही असलेल्या ४०७ जणांनी ६८ आठवडे दर आठवड्याला सेमाग्लुटाइड किंवा खोटे इंजेक्शन घेतले. औषधाच्या गटाचे वजन सरासरी १३.७ टक्क्यांनी उतरले, दुसऱ्या गटाचे ३.२ टक्क्यांनी. वेदनेचे गुण शंभराच्या मोजपट्टीवर ४१.७ ने कमी झाले, दुसरीकडे २७.५ ने. जेल किंवा पीआरपीच्या मोठ्या चाचण्यांत एवढा फरक दिसत नाही. एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हे २००५ मध्येच मोजून झाले होते. औषध महाग आहे, मळमळ-उलट्या होतात, थांबवल्यावर वजन परत चढते आणि सडपातळ माणसाच्या गुडघ्यासाठी ते नाही. तरी या चाचणीने गुडघ्याच्या उपचाराचा विचार सांध्याबाहेर नेला, ही मोठी गोष्ट आहे.

सांध्यात इंजेक्शन घ्यायचेच ठरले तर काही व्यवहाराच्या गोष्टी. मधुमेह असल्यास स्टेरॉइडनंतर काही दिवस साखर चढते. भारतात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, म्हणून हा इशारा जवळजवळ प्रत्येक घरासाठी आहे. आठवडाभर साखर तपासत राहावी. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तिच्या आधी तीन महिने सांध्यात सुई नको, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. एरवी हा धोका विरळ असतो. पण टोचल्यानंतर गुडघा लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पहिले एक-दोन दिवस दुखणे वाढणे मात्र सर्वसाधारण आहे. अंगावर जखम किंवा ताप असताना, किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना ते डॉक्टरांना आधी सांगावे.

आणि एक कळकळीची सूचना. गावोगावी गुडघेदुखीवर कंबरेत स्टेरॉइडची सुई मारून घेण्याची आणि 'सांधेदुखीच्या पुड्या' खाण्याची चाल आहे. अशा पुड्यांत चोरून स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. त्याने दोन दिवसांत उड्या मारल्यासारखे वाटते आणि काही महिन्यांत चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, साखर-रक्तदाब चढतो. सांध्यात क्वचित घेतलेल्या मोजक्या इंजेक्शनशी याची बरोबरी नाही. हा उपचार धोकादायक आहे.

शेवटी वाचकाला एवढेच सांगतो : कुठलीही सुई घेण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. हे नेमके कोणते औषध, आराम किती आठवड्यांचा अपेक्षित, आणि त्या आठवड्यांत मी करायचे काय? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल तर इंजेक्शन पुढे ढकला. मिळाले असेल तर सुई घेतल्याच्या आठवड्यातच फिजिओथेरपिस्टची वेळ ठरवा आणि आराम असेपर्यंत एकही दिवस व्यायाम चुकवू नका.